कंबर हे तुमचं पहिलं मशीन: ओझ्याच्या धंद्यात जुनी कंबरदुखी कशी सांभाळायची?



छोटा व्यवसाय सुरू करायचा म्हणून जो कोणी मला भेटायला येतो, त्याच्या वहीत साधारण सारख्याच गोष्टी लिहिलेल्या असतात. जागेचं भाडं, पहिला माल, उद्यम नोंदणी, मुद्रा लोन, फर्निचर, बोर्ड. एक रकाना मात्र बहुतेकांच्या वहीत नसतो: हा माल उचलणार कोण, आणि किती वर्षं?

आपल्या धनजसारख्या गावात कोणते धंदे चालतात ते बघा. कृषी सेवा केंद्र, किराणा, सिमेंट-लोखंड, पिठाची गिरणी, पाण्याचे जार, मंडप-डेकोरेशन, टेम्पो. हे सगळे ओझ्याचे धंदे आहेत. पहिली दोन-तीन वर्षं नोकर परवडत नाही, म्हणून मालकच हमाल असतो. मग तिशी-पस्तिशीतला माणूस येऊन सांगतो, "भाऊ, दुकान चांगलं चालते, पन आता कट्टा उचलनं होत नाही." ग्राहक आहे, माल आहे, उधारीही वसूल होतेय, तरी शटर अर्धा दिवस बंद. अशा माणसाला मार्केटिंगचा कोणताही सल्ला उपयोगी पडत नाही.

म्हणून आजचा विषय जुनी कंबरदुखी. मी डॉक्टर नाही, दुकानदार आहे. औषध डॉक्टरांनीच द्यायचं. पण दुकान कसं लावायचं, ओझं कसं वाटायचं आणि दुखणं घेऊन धंदा कसा चालू ठेवायचा, हे आपल्याच हातात आहे.

आधी वजनाचा हिशोब करू

आपण रोज किती उचलतो याचा अंदाज फार कमी लोकांना असतो. नेहमीच्या वस्तू घ्या:

- सिमेंटची गोणी: ५० किलो
- युरियाची गोणी: ४५ किलो (२०१८ पर्यंत ५० किलोची होती)
- डीएपीची गोणी: ५० किलो
- भरलेलं घरगुती गॅस सिलिंडर: १४.२ किलो गॅस आणि टाकीचं वजन धरून साधारण ३० किलो
- पाण्याचा जार: २० किलो
- तेलाचा डबा: १५ किलो

आता समजा जूनमध्ये पेरणीच्या घाईत तुम्ही दिवसाला खताच्या ४० गोण्या विकल्या. ५० किलोप्रमाणे २ टन झाले. पण गोणी एकदाच उचलली जात नाही. गाडीतून उतरवली, थप्पीवर चढवली, थप्पीवरून काढली, ग्राहकाच्या गाडीवर टाकली. म्हणजे चार वेळा हात लागला. एकट्याने केलं तर २ टनांच्या विक्रीसाठी ८ टनांची उचल झाली.

हा आकडा तुमच्या नफा-तोट्याच्या पत्रकात कुठेच दिसत नाही. तो कंबरेच्या खात्यावर नावे पडत राहतो.

वाकून उचललं की नेमकं काय होतं?

पहारीने दगड उचलताना आपण पहार लांब धरतो, कारण दांडा लांब असला की थोड्या जोरात मोठं काम होतं. कंबरेत हेच उलटं घडतं. पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम ५ सेंटीमीटरवर असतात. तुम्ही २० किलोचा जार शरीरापासून ५० सेंटीमीटर लांब धरून उचलला, तर ओझ्याचा दांडा स्नायूंच्या दांड्यापेक्षा दहापट लांब झाला. फक्त त्या २० किलोसाठी स्नायूंना साधारण २०० किलोइतका जोर लावावा लागतो. वाकलेल्या धडाचं वजन वेगळंच. तोच जार जवळ घेऊन २५ सेंटीमीटरवर आणला, तर जोर निम्मा होतो.

यातून तीन गोष्टी निघतात. ओझं लांब असणं वाईट, जमिनीवरून उचलणं वाईट, आणि उचलता उचलता कंबरेतून वळणं त्याहून वाईट. आता आपलं दुकान आठवा. जड माल सगळा खाली जमिनीवर, काउंटरच्या मागे अरुंद जागा, आणि गोणी ओढून वळूनच बाहेर काढावी लागते. म्हणजे तिन्ही गोष्टी दुकानाच्या मांडणीनेच आपल्या माथी मारलेल्या असतात.

"जुनी" कंबरदुखी म्हणजे किती जुनी?

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकली की तिला जुनी म्हणतात. तुम्ही एकटे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटी ३० लाखांवर जाईल असा अंदाज आहे. यातल्या साधारण ९० टक्के लोकांमध्ये दुखण्याचं एकच असं ठोस कारण सापडत नाही. हाड मोडलेलं नसतं, गाठ नसते. स्नायू, सांधे, गादी, ताण, अपुरी झोप असं सगळं मिसळलेलं असतं.

इथे दोन गोष्टी समजून घ्या, त्यात बराच पैसा वाचतो.

पहिली गोष्ट एमआरआयची. रिपोर्टमध्ये "गादी सरकली" असं वाचलं की माणूस अर्धा खचतो. पण अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांच्या गाद्या थोड्या फुगलेल्या दिसल्या, आणि त्यांना काहीच त्रास नव्हता. वयानुसार केस पांढरे होतात तसंच हे बऱ्याच अंशी असतं. रिपोर्ट डॉक्टरांना वाचू द्या. स्वतः वाचून दुकान विकायला काढू नका.

दुसरी गोष्ट गावाकडच्या उपायांची. उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणसाला शोधतात, त्याचा पाय कंबरेला लावून घेतात. दोन-चार दिवसांत बरं वाटतं आणि श्रेय पायाळूला जातं. खरं असं आहे की नुकतीच भरलेली उसण बहुतेक वेळा काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप कमी होते. हलका पाय लावण्याने नुकसान नाही. पण कोणी जोराने लाथ मारणार असेल, कंबर "बसवून देतो" म्हणून झटका देणार असेल, तर तिथून उठून या.

या खुणा दिसल्या तर दुकान सोडा आणि दवाखान्यात जा

- लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटणं, लघवी अडकणं
- बसायच्या जागी, जांघेत बधिरपणा येणं
- पायातली ताकद जाणं, पाऊल लटकं पडणं

या तीन गोष्टींत त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पोचायचं. आपल्या बाजूला अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावती आणि वाशिमलाही सोय आहे. "आज सीझन आहे, उद्या बघू" हे इथे चालत नाही. उशीर झाला तर पायाची ताकद कायमची जाऊ शकते.

याशिवाय कंबरदुखीसोबत ताप, रात्री घाम, वजन उतरणं (मणक्याचा टीबी आपल्या देशात अजून आहे), पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, किंवा गुडघ्याखाली उतरणारी कळ काही आठवडे न थांबणं, यातलं काहीही असेल तर अंगावर काढू नका.

खरा उपाय आधी वजनावर

आपल्या महाराष्ट्राने ही गोष्ट फार आधी ओळखली आहे. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत या कामगारांना संघटित केलं, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. ते स्वतः डॉक्टर होते. १०० किलोचं पोतं ५० किलोवर आणा, ही हमाल चळवळीची मोठी मागणी होती. तिचा अर्थ नीट बघा. त्यांनी हमालाला "नीट वाकायला शिक" एवढंच सांगितलं नाही. पोतं लहान करा म्हणून भांडले.

आता ५० किलो तरी सुरक्षित आहे का? अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ साली उचलण्याचं जे सूत्र ठरवलं, त्यात सगळी परिस्थिती उत्तम असताना, म्हणजे ओझं जवळ, योग्य उंचीवर, न वळता, मर्यादा २३ किलो धरली आहे. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनात ओझं कंबरेच्या उंचीला आणि शरीराजवळ असेल तर पुरुषासाठी साधारण २५ किलो आणि स्त्रीसाठी १६ किलो सांगितलं आहे. तेच ओझं पायाच्या पोटरीखालून उचलायचं असेल तर पुरुषासाठी फक्त १० किलो. तिकडे सिमेंटची पिशवीच साधारण २५ किलोची मिळते.

म्हणजे आपल्याकडची ५० किलोची गोणी जमिनीवरून एकट्याने उचलणं हे कोणत्याही हिशोबात बसत नाही. "आमचे वडील क्विंटलचं पोतं उचलायचे" हे खरं असेल. त्यांची कंबर साठीत कशी होती, तेही घरी विचारा.

सिमेंट कंपनीला तुम्ही-आम्ही गोणी लहान करायला लावू शकत नाही. पण दुकान आपलं आहे. तिथे हे बदल करा:

१. जमिनीवर थप्पी लावू नका. खाली विटा आणि फळ्या किंवा लाकडी पॅलेट टाकून पहिला थर गुडघ्याएवढ्या उंचीवर आणा. मालाला ओल लागत नाही, तो फायदा वेगळा.

२. थप्पी छातीच्या वर नेऊ नका. गुडघा ते छाती हा तुमचा कामाचा पट्टा. जड आणि रोज विकला जाणारा माल याच पट्ट्यात. हलका माल वर, क्वचित लागणारा खाली.

३. दोन चाकी ट्रॉली घ्या. जिथे ओढता किंवा ढकलता येतं तिथे उचलायचं नाही. ओढण्यापेक्षा ढकलणं बरं.

४. टेम्पो आणि दुकानाचा ओटा एका उंचीला येईल असं बघा. ओटा नसेल तर मजबूत फळी टाकून उतार करा आणि गोणी सरकवा.

५. वजनकाटा जमिनीवरून उचलून ओट्यावर ठेवा. दिवसातून पन्नास वेळा वाकणं वाचेल.

६. किराण्यात साखरेचं ५० किलोचं पोतं उचलून कोठीत ओतू नका. पोतं कोठीजवळ टेकवा, तोंड उघडा आणि मापाने थोडं थोडं भरा. पाच मिनिटं जास्त लागतील.

७. गिरणीवाल्यांनी चक्कीच्या तोंडापाशी एक पायरी बांधून घ्यावी. डबा खांद्याच्या वर नेऊन ओतायचा नाही.

८. मेस, डबे, पापड-कुरडयांचं काम करणाऱ्या ताईंनी पीठ मळणं, लाटणं जमिनीवरून उचलून ओट्यावर किंवा टेबलावर आणावं. तासन्‌तास वाकून बसणं हेसुद्धा ओझंच आहे, फक्त ते दिसत नाही.

उचलायलाच लागलं तर

पाय खांद्याएवढे फाकवा, एक पाय थोडा पुढे. गुडघे आणि कुल्ले मोडा. गोणी आधी अंगाजवळ ओढा, मग उचला. वळायचं असेल तर पावलं टाकून वळा, कंबर पिरगाळू नका. ५० किलोला दोन माणसं, हा दुकानाचा नियम. ग्राहक उभाच असतो, त्याला "दादा, जरा एक टोक धरा" म्हणायला लाजू नका. कोणी नाही म्हणत नाही.

आणखी दोन गोष्टी. रात्रभर आडवं झाल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून सकाळी उठल्याबरोबर वाकणं त्यांना जास्त जड जातं. पहाटे गाडी आली तर थेट अंथरुणातून गोणीकडे जाऊ नका. आधी चहा, थोडं चालणं, मग माल. तसंच धनजहून कारंजा किंवा अमरावतीला टेम्पो, मोटरसायकल घेऊन गेलात आणि परत आलात, की उतरल्या उतरल्या माल काढू नका. बसून आणि हादरे खाऊन पाठ आखडलेली असते. पाच मिनिटं चाला, पाठ मागे ताणा, मग हात लावा.

आधीच दुखत असेल तर काय?

अंथरूण धरू नका. पूर्ण आराम हा जुन्या कंबरदुखीचा उपाय नाही. जेवढं हलता येतं तेवढं हलत राहायचं, फक्त जड ओझं काही दिवस दुसऱ्याकडे द्यायचं. थोडं दुखलं म्हणजे आत काही तुटलं असं समजू नका.

चालणं हे सगळ्यात स्वस्त औषध आहे. ऑस्ट्रेलियात मॅक्वारी विद्यापीठाने ७०१ लोकांवर केलेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. हे सगळे नुकत्याच कंबरदुखीतून बरे झालेले लोक होते. ज्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटांपर्यंत चालायला लावलं आणि थोडं मार्गदर्शन दिलं, त्यांचं दुखणं परत यायला साधारण २०८ दिवस लागले. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचं ११२ दिवसांत परत आलं. "दुकानात दिवसभर उभाच असतो" हे चालण्यात धरायचं नाही. सकाळी शेताच्या रस्त्याने सलग चाला.

व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या आणि घरी रोज पंधरा मिनिटं करा. पोट, पाठ आणि कुल्ल्यांचे स्नायू मजबूत झाले की ओझं एकट्या कंबरेवर येत नाही. चार दिवस करून सोडलं तर फरक दिसणार नाही, दोन-तीन महिने धरून चाला.

कमरेचा पट्टा आपल्याकडे हमखास घेतला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शन काढलं. त्यात माहिती देणं, व्यायाम, काही प्रकारची फिजिओथेरपी यांना जागा आहे. पट्टा आणि वजन लावून ताणणं हे मात्र सरसकट वापरू नका असं म्हटलं आहे. पट्टा बांधला की आता कितीही उचलता येईल असं वाटायला लागतं, हा त्यातला खरा धोका. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी सांगितला असेल तर तेवढेच दिवस बांधा.

मेडिकलमधून रोजची गोळी घेणं बंद करा. दुखणं दाबणाऱ्या गोळ्या सतत घेतल्या की पोट आणि किडनी दोन्हीला त्रास होतो. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात घाम गाळून, पाणी कमी पिऊन वरून या गोळ्या घेतल्या तर किडनीवर जास्त ताण येतो. कोणी पुडीतून "कंबरेची पावडर" देत असेल तर तिच्यात काय मिसळलंय हे त्यालाही सांगता येत नाही.

सिगारेट-बिडी आणि अपुरी झोप, दोन्हींचा कंबरदुखीशी संबंध आहे. उधारीच्या टेन्शनमध्ये रात्र जागून काढणारा माणूस सकाळी जास्त दुखतंय म्हणतो, ते खोटं नसतं.

आता पैशाचा हिशोब

हा भाग आपला. उदाहरणासाठी आकडे धरू, तुम्ही तुमचे टाका.

समजा सीझनमध्ये दुकानाचा रोजचा निव्वळ नफा १,५०० रुपये आहे आणि कंबर धरल्यामुळे पेरणीच्या दिवसांत ४ दिवस दुकान बंद राहिलं. ६,००० रुपये गेले. बाजूच्या दुकानात गेलेला ग्राहक परत येईल का, हे त्यात धरलेलं नाही. ट्रॉली आणि फळ्यांना समजा ७,००० रुपये लागले. म्हणजे पाच दिवसांचं बंद टळलं की खर्च निघाला. पुढची सगळी वर्षं फुकट.

हमालीचंही तसंच. "मीच उचलतो, हमाली वाचते" असं आपण म्हणतो. ती वाचत नाही, तुम्ही ती स्वतःकडून उधार घेता. म्हणून पहिल्या दिवसापासून किमतीत हमाली धरा. घरपोच सिमेंटचा दर वेगळा, दुकानातून नेण्याचा वेगळा. ग्राहकाला आधी सांगितलं तर तो समजून घेतो. सीझनचे वीस-पंचवीस दिवस माणूस लावायचाच आहे, हे मार्चमध्येच बजेटमध्ये लिहा.

आणि माणूस लावला तर त्याची कंबरही आपल्यासारखीच आहे. दोन माणसांचा नियम त्यालाही लागू. अठरा वर्षांखालच्या पोराला गोण्या उचलायला ठेवू नका.

एक गैरसमज काढून टाकतो. वर्षाला २० रुपयांत मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना जरूर घ्या. पण ती अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी आहे. हळूहळू झिजलेल्या कंबरेचे पैसे त्यातून मिळत नाहीत. कंबरेचा विमा म्हणजे ट्रॉली, फळ्या आणि सकाळचं चालणं.

या आठवड्याचं काम

सोमवारी एक वही घ्या आणि दिवसभरात कोणती वस्तू किती वेळा उचलली ते रेघा मारून लिहा. रात्री एकूण किलो काढा.

मंगळवारी त्यातल्या सगळ्यात जास्त वेळा उचललेल्या तीन वस्तू जमिनीवरून गुडघ्याच्या वर आणा.

बुधवारपासून २० मिनिटं चालायला सुरुवात करा.

रविवारी पुन्हा दिवसभराची उचल मोजा आणि सोमवारच्या आकड्याशी लावून बघा.

तुमचा धंदा कोणता आणि आठ दिवसांत दिवसाची उचल किती किलोने कमी झाली, ते व्हिडिओच्या खाली लिहा. नवीन दुकान टाकणार असाल तर फर्निचरची ऑर्डर देण्याआधी सुताराला हा लेख वाचून दाखवा. ओट्याची आणि मांडणीची उंची एकदा चुकली की ती पुढे दहा वर्षं कंबरेतून वसूल होते.

भेटू पुढच्या भागात. तोवर दुकान चालू ठेवा, आणि स्वतःही चालत राहा.